वेंगुर्ल्याचा डेपो आणि शेजारची वाडी: कचऱ्याचं एक प्रकरण

कोकणात कचऱ्याचा विषय निघाला की वेंगुर्ल्याचं नाव निघतंच. दुसऱ्या नगरपरिषदांची माणसं, कॉलेजची मुलं, पत्रकार असे कितीतरी जण तिथला डेपो बघून गेलेत. बघून आलेला माणूस सहसा तीन गोष्टी सांगतो. जिथे दुर्गंधी होती तिथे बाग झाली, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज झाली, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी या प्रकरणाचा गाभा त्यांत नाही, असं माझं मत आहे. वेंगुर्ल्यात जे घडलं ते आधी घराच्या मागल्या दारी घडलं आणि मग डेपोवर दिसलं. हा क्रम कळला नाही की एखादी ग्रामपंचायत आधी यंत्र विकत घेते, आणि ते यंत्र पहिल्याच पावसाळ्यात गंजायला लागतं.

गाव आणि जमीन

वेंगुर्ले हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आणि जुनं बंदर. १७व्या शतकात इथे डचांची वखार होती. नगरपरिषद १८७६ सालची. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या १२ हजारांच्या थोडी वर होती. बाजारपेठ, मासळी बाजार, काजूचे कारखाने, फळ संशोधन केंद्र, आणि बाकी सगळं माडा-पोफळीत दडलेलं.

छोट्या गावात माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. त्या हिशेबाने नुसत्या घरांचा कचरा अडीच ते साडेतीन टन होतो. त्यात मासळी बाजार, हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि भाजीवाले यांची भर पडते. महानगरांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. पण कोकणात लहान ढीगही मोठं नुकसान करतो, आणि त्याचं कारण इथल्या जमिनीत आणि पावसात आहे.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. खाली जांभा दगड. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून पाणी झपाट्याने उतरतं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर, उघड्यावर टाकलेला कचरा जूनमध्ये भिजतो, कुजतो, आणि त्यातून झिरपणारं काळं पाणी खालच्या अंगाच्या विहिरीकडे जातं. जे वरून वाहतं ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात, व्हाळातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात. जुलै-ऑगस्टच्या उधाणात त्यातलं बरंच समुद्र परत किनाऱ्यावर आणून टाकतो. पठारावरच्या गावात उकिरडा वर्षभर एका जागी पडून राहू शकेल. किनारपट्टीवर तो फिरता असतो. एका वाडीने सड्यावर टाकलेली पिशवी दुसऱ्या वाडीच्या रापणीच्या जाळ्यात येते.

काय केलं गेलं

२०१५ मध्ये रामदास कोकरे वेंगुर्ल्याचे मुख्याधिकारी म्हणून आले. तेव्हा डेपो म्हणजे इतर कुठल्याही गावातल्यासारखी कचरा नेऊन ओतायची जागा होती. पुढच्या काळात नगरपरिषदेने घरातच कचरा चार भागांत वेगळा करायला लावला. ओला एकीकडे, कागद-पुठ्ठ्यासारखा सुका दुसरीकडे, प्लास्टिक तिसरीकडे, काच आणि धातू चौथीकडे. डेपोवर आल्यावर त्याचं पुन्हा वर्गीकरण होऊन वीसहून जास्त प्रकार वेगळे निघायचे. पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घालून दंड सुरू केला. ओल्या कचऱ्यासाठी बायोगॅस प्रकल्प आणि खत, पाल्यापाचोळ्यापासून आणि कागदापासून जळणाच्या कांड्या, प्लास्टिकसाठी तुकडे करणारं यंत्र. जुना ढीग उपसला, जागा मोकळी झाली आणि तिथे झाडं लागली. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने कचरा वेगळा करणाऱ्या शहरांमध्ये वेंगुर्ल्याची नोंद घेतली, आणि मग नाव देशभर गेलं.

यातली तारीख महत्त्वाची आहे. घनकचरा व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम ८ एप्रिल २०१६ला निघाले. त्यांनी घरोघरी तीन भाग सक्तीचे केले: कुजणारा, न कुजणारा आणि घरातला घातक कचरा. राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ची. म्हणजे १२ हजारांच्या गावाने कायद्याची वाट न बघता आधी सुरुवात केली होती. इच्छा असेल तर नगरपरिषदेच्या हातात आधीपासून पुरेसे अधिकार असतात, हे यातून दिसतं.

चार भाग कशासाठी

बरेच जण विचारतात, ओला आणि सुका असे दोनच भाग पुरे नाहीत का? चार बादल्यांना घरात जागा कुठून आणायची? प्रश्न रास्त आहे. पण कोकणातल्या हवेत त्याचं उत्तर चारच्या बाजूने जातं, आणि इथे थोडं थांबून बघायला हवं.

कागद घ्या. कोरडा पुठ्ठा भंगारवाला आनंदाने नेतो. तोच पुठ्ठा कालच्या आमटीच्या पिशवीशेजारी एक रात्र राहिला आणि वर पावसाळ्याची दमट हवा लागली, की त्याचा लगदा होतो. मग त्याला भाव नाही, आणि तो जळणाच्या कांडीतही चालत नाही. काच ओल्यात गेली तर सफाई कामगाराचा हात कापतो, आणि तयार झालेल्या खतात काचेचे तुकडे निघाले की ते खत कुठलाही बागायतदार आपल्या आंब्याच्या आळ्यात टाकू देत नाही. बायोगॅसच्या टाकीत प्लास्टिक गेलं तर वर साय धरते आणि पाइप तुंबतात. नीट वेगळ्या केलेल्या एक टन ओल्या कचऱ्यापासून साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो. मिसळलेला कचरा टाकला तर गॅस घटतो आणि महिन्याभरात टाकी साफ करायला माणूस उतरवावा लागतो. ते काम जिवावर बेतणारं आहे.

इथल्या ओल्या कचऱ्यातही सगळं एकजात नसतं. माडाची झावळं, नारळाची सोडणं, करवंट्या, आंब्याच्या कोयी, तिसऱ्या-मुळ्या या खाण्याच्या शिंपल्यांची कवचं हे सगळं ओलं म्हणून बादलीत येतं, पण बायोगॅसच्या टाकीत ते पचत नाही. शहरासाठी आखलेल्या प्रकल्पाच्या आराखड्यात शिंपल्यांचा विचार नसतो. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाने प्रकल्प मागवण्याआधी आपल्या बादलीत काय येतं ते आठवडाभर तरी उलगडून बघावं.

प्लास्टिकच्या रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यावरून गैरसमज फार आहेत. ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खडी साधारण १६० ते १७० अंशांपर्यंत तापवतात, तिच्यावर प्लास्टिकचा चुरा टाकतात, तो वितळून खडीवर पातळ थर धरतो आणि मग डांबर मिसळतात. थर बसलेल्या खडीत पाणी कमी शिरतं, आणि कोकणातल्या रस्त्याचा खरा शत्रू पाणीच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक सांगितलं आहे, आणि ते स्वच्छ व कोरडं हवं. पीव्हीसी अजिबात चालत नाही, कारण तापल्यावर त्यातून विषारी क्लोरिनयुक्त वायू सुटतात.

आता हिशेब करा. एका किलोमीटर अरुंद रस्त्याला ढोबळमानाने टनभर प्लास्टिक लागतं. गावात दरवर्षी किती किलोमीटर रस्ता नव्याने होतो? ज्या वर्षी रस्ता नाही त्या वर्षी चुरा गोणीत पडून राहतो. म्हणून रस्ता ही एक चांगली वाट आहे, पण एकमेव वाट नव्हे. उरलेलं भंगाराच्या बाजारात किंवा सिमेंटच्या भट्टीत जायला हवं, आणि तिथेही ओलं, माखलेलं प्लास्टिक नको असतं. तिन्ही वाटांची पहिली अट तीच: घरातून निघतानाच ते ओल्याच्या संगतीत नसावं.

गाडीवरचा माणूस

या सगळ्यात सर्वांत अवघड काम घंटागाडीवरच्या माणसाचं असतं, आणि लेखांमध्ये त्याच्यावर सर्वांत कमी ओळी असतात. मुख्याधिकारी आदेश काढतात, नगरसेवक सभेत बोलतात, पण दारात उभं राहून ‘वयनी, ह्यां ओल्यात नको, दुसऱ्या बादलेत टाका’ असं म्हणण्याची वेळ त्याच्यावर येते. रोज, त्याच माणसांना, त्याच आळीत. घरातली माणसं त्याच्यापेक्षा मानाने वरची समजली जातात, त्याने शिकवलेलं त्यांना आवडत नाही. वरून पाठबळ नसेल तर दोन आठवड्यांत तो बोलणं सोडतो आणि मिळेल तसा कचरा उचलतो. तिथेच योजना संपते. कागदावर ती पुढे कितीही वर्षं चालू राहो.

म्हणून मिसळलेला कचरा न उचलता परत ठेवण्याचा अधिकार त्याला खरोखर दिला गेला आहे का, आणि त्याबद्दल एखाद्या वजनदार घरातून तक्रार आली तर कार्यालय कोणाची बाजू घेतं, यावर सगळं ठरतं. एखाद्या गावाच्या वर्गीकरणाची पाहणी करायची असेल तर मी डेपोवर जाण्याआधी सकाळी गाडीमागून चालेन. गाडीतल्या कप्प्यांत काय पडतंय ते बघितलं की डेपोवर काय असणार ते कळतं. २०१६च्या नियमांनी डायपर आणि सॅनिटरी पॅड गुंडाळून वेगळे द्यायला सांगितलं होतं. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्यासाठी कागदावर लाल ठिपक्याची खूण रुजवली. इतकी साधी खूण, पण त्यामुळे हाताने वर्गीकरण करणाऱ्या बाईला पुडी उघडून बघावी लागत नाही. कोकणातल्या किती नगरपंचायतींनी हे उचललं आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या गावात विचारावा. हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस आणि वेळेवर पगार हे कचरा व्यवस्थापनाचे पहिले चार खर्च आहेत. यंत्र पाचवं.

अधिकारी बदलून जातात

कोकरे पुढे कर्जतला गेले, नंतर कल्याण-डोंबिवली महापालिकेत उपायुक्त झाले. तिथेही वर्गीकरणावर भर देऊन काम झालं आणि कल्याणचं आधारवाडी डंपिंग ग्राउंड २०२१ मध्ये बंद झालं. एक माणूस तीन ठिकाणी हेच करून दाखवतो, यातून दोन अर्थ निघतात. पद्धत चालते, हा पहिला आणि आनंदाचा. दुसरा काळजीचा: ती त्या माणसाबरोबर येते आणि त्याच्याबरोबर जाण्याचा धोका राहतो.

मुख्याधिकारी दोन-तीन वर्षांनी बदलणारच, ती शासनाची रीत आहे. गावाच्या हातात राहतात त्या गोष्टी वेगळ्या. गाडीच्या वेळा, उपविधी, अंदाजपत्रकातली तरतूद, कामगारांची नेमणूक, भंगारवाल्याशी केलेला लेखी करार आणि घरातल्या बायामाणसांच्या हाताची सवय. शेवटची गोष्ट सर्वांत चिवट असते, ती आदेशाने येत नाही तशी बदलीने जातही नाही. चार बादल्यांत टाकायची सवय लागलेली बाई माहेरी गेली तरी विचारते, तुमच्याकडे काच कुठे ठेवतात?

हद्दीपलीकडे

वेंगुर्ल्याची हद्द संपते तिथे ग्रामपंचायती सुरू होतात. उभादांडा, पुढे शिरोडा, रेडी, उत्तरेला निवती, भोगवे. किनारा तोच, पाऊस तोच, खाण्यापिण्याच्या सवयी त्याच. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून पर्यटक नगरपरिषदेच्या हद्दीत कमी आणि या गावांच्या किनाऱ्यांवर जास्त उतरतात. २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय पाहणीत सपाटीवरच्या जिल्ह्यांमध्ये सिंधुदुर्ग पहिला आला होता. तो सन्मान मुख्यतः शौचालयांच्या कामाचा होता आणि ते काम खरंच मोठं होतं. घनकचऱ्याचं काम त्यापुढचं आहे आणि स्वभावाने वेगळं आहे, कारण शौचालय एकदा बांधलं की बांधलं, कचरा रोज होतो.

या गावांनी वेंगुर्ल्याची नक्कल करावी का? मला वाटतं, करू नये. वेंगुर्ल्याचं तत्त्व घ्यावं आणि रचना उलटी करावी.

नगरपरिषदेच्या हद्दीत आळ्या जवळजवळ आहेत, गाडी एका फेरीत शेकडो घरं घेते. ग्रामपंचायतीत दहा-बारा वाड्या असतात, मध्ये घाटी, व्हाळ, शेतं. रोज गाडी फिरवायची तर डिझेलच परवडत नाही. पैशाचं गणितही बघा. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२०-२१ पासून, पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी ठरला. दोन हजारांच्या गावाला एक लाख वीस हजार. त्यात गाडी येत नाही, चालकाचा पगार तर नाहीच. प्लास्टिक प्रक्रियेचं केंद्र तालुक्याला एक, त्यासाठी १६ लाखांपर्यंत. म्हणजे सरकारी रचनाही हेच सांगते की गावाने साठवावं आणि तालुक्याने प्रक्रिया करावी.

मग गावातून काय हलवायचं आणि काय हलवायचं नाही? ओला कचरा निम्म्याहून जास्त असतो, वजनाने जड असतो, वास मारतो आणि थांबत नाही. त्याला गाडीत घालणं हीच मोठी उधळपट्टी आहे. ज्या घराला परडं, म्हणजे घरामागची बागेची जागा, आहे त्या घराचा ओला कचरा परड्याच्या बाहेर जाता कामा नये. सुका हलका असतो, धुऊन वाळवला तर महिना-महिना थांबतो. त्याच्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा गाडी पुरते.

चार माणसांच्या घराचा ढोबळ हिशेब मांडतो. दिवसाला किलोभर कचरा. त्यातला ओला परड्यात गेला. उरल्यात प्लास्टिक समजा १०० ग्रॅम. पंधरा दिवसांत दीड किलो, ते एका गोणीत मावतं. शंभर घरांच्या वाडीचं दीडशे किलो होतं. प्लास्टिक वजनापेक्षा जागा जास्त खातं, तरी दाबून भरलं तर छोट्या टेम्पोच्या एक-दोन फेऱ्यांचं काम. हे कुठल्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं आहे.

परड्यातलं खत ही कोकणाला नवी गोष्ट नाही. मासळीचं पाणी, खवले, आतडी माडाच्या आळ्यात पुरायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शेणखताची गायरी, म्हणजे खताचा खड्डा, घरोघरी होती. गुरं कमी झाली तशी गायरी बुजली आणि तिच्याबरोबर ओला कचरा जिरवण्याची जागाही गेली. ती परत आणायला जांभ्याचे चिरे हाताशी आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भिंतीत खिडक्या ठेवून बांधलेली टाकी खतासाठी रूढ केली, तिलाच आपण नाडेप म्हणतो. मूळ माप १० बाय ६ बाय ३ फूट. एका घराला एवढी मोठी लागत नाही, चार-पाच घरांत एक पुरते, आणि विटांऐवजी जांभ्याचे चिरे फटी ठेवून रचले तर तेच काम होतं. आपल्याकडे दोन बदल मात्र अटळ आहेत. वर छप्पर हवं, निदान झावळांचं, आणि तळ जमिनीपासून उचललेला हवा. ते नसेल तर जूनमध्ये टाकीत पाणी साचून सगळं आंबतं, वास सुटतो, आणि शेजारी भांडायला येतात. ओल्याच्या प्रत्येक थरावर पातेरा (वाळलेला पाला), पेंढा किंवा भाताचा तूस टाकला की पाणी शोषलं जातं आणि खत लवकर होतं. पातेरा उन्हाळ्यातच गोण्यांत भरून ठेवावा, पावसात तो मिळत नाही.

आता पातेऱ्याचाच दुसरा उपयोग, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. मार्च ते मे या काळात गावागावांतून धूर दिसतो. काही भाजावळीचा, म्हणजे पेरणीआधी शेत भाजल्याचा, काही आवारातला पाला जाळल्याचा. पूर्वी त्यात नुसता पाला आणि कवळं, म्हणजे तोडलेल्या फांद्या, असायची. आता वेफर्सच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, कधी पाइपचे तुकडे त्याच ढिगात असतात. न्हाणीच्या चुलीत पाणी तापवताना जाळ धरावा म्हणून प्लास्टिकची पिशवी टाकायची सवय तर घरोघरी आहे. पीव्हीसीसारखं क्लोरिन असलेलं प्लास्टिक अशा मंद, धुरकट आगीत जळलं की डायऑक्सिनसारखी विषं तयार होतात, आणि ती राख पुढे भाताच्या तरव्यात (रोपवाटिकेत) किंवा मिरच्यांच्या वाफ्यात जाते. धूर गिळणारी असते ती चुलीशी वाकलेली बाई आणि तिच्या मागे खेळणारं मूल. सुक्या कचऱ्याची गाडी ठरल्या दिवशी न चुकता येते, ही खात्री पटल्याशिवाय ही सवय सुटणार नाही. गाडी दोनदा चुकली की तिसऱ्या वेळी गोणी चुलीत जाते. म्हणून मी गाडीच्या वारंवारतेपेक्षा तिच्या नेमाला जास्त महत्त्व देतो.

जिथे परड्याचं उत्तर चालत नाही

बाजारातली भाड्याची खोली, बांधकामावरच्या परप्रांतीय कामगारांची झोपडी, चिऱ्याच्या खाणीवरची वस्ती यांना परडं नाही. चिकनच्या दुकानांची पिसं आणि आतडी रात्रीच्या वेळी घाटीत टाकली जातात, त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबटे वस्तीत येतात. होमस्टेवाल्यांकडे मे आणि डिसेंबरमध्ये रिकाम्या बाटल्यांची रास पडते. मासळीच्या धंद्यातल्या थर्माकोलच्या पेट्या वासामुळे कुठलाच भंगारवाला घेत नाही, आणि फुटल्या की त्यांचे पांढरे मणी किनाऱ्यावरच्या वाळूत, पुळणीत, मिसळून जातात, मग ते कोणाच्याही हाताने वेचून होत नाहीत. फाटकी जाळी मात्र गावात सहसा वाया जात नाही, ती परड्याच्या कुंपणाला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लागते. वाया जाते ती समुद्रातच सुटलेली जाळी, आणि त्यात कासवं अडकतात.

या प्रत्येकासाठी वेगळी व्यवस्था लागते आणि ती ग्रामपंचायतीनेच बसवावी लागते. चिकनवाल्यांना परवाना देताना कचरा कुठे जाणार ते लिहून घ्यावं. होमस्टेकडून जास्त आकार घ्यावा, कारण त्यांचा कचरा घरगुती नाही, धंद्याचा आहे. २०१६च्या नियमांनी परवाना नसलेल्या जागी शंभरहून जास्त माणसं जमणारा कार्यक्रम करायचा तर कामाचे तीन दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायला आणि कचरा वेगळा करून द्यायला सांगितलं होतं. आपल्याकडे जत्रा, हळद, लग्न, पूजा, सगळीकडे शंभर माणूस सहज असतं. जेवण केळीच्या पानावर वाढलं तर उठल्यावर सगळं गुरांपुढे किंवा खड्ड्यात जातं. वरून कागदी दिसणाऱ्या पण आतून प्लास्टिकचा थर असलेल्या थाळ्या वापरल्या तर त्या ना कुजत, ना विकल्या जात.

गणपतीचे दिवस तर वेगळेच. चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात, गावाची माणसं कितीतरी पटीने वाढतात. तेव्हा पाऊस चालू असतो, सुकं सुकत नाही, निर्माल्य असतं, फटाक्यांचं आणि मखराच्या थर्माकोलचं सामान असतं. या काळासाठी जादा गाड्यांची सोय आधी केली नाही तर वर्षभर बसवलेली घडी आठवड्यात विस्कटते. मुंबईहून येणाऱ्यांनी येताना आणलेलं पॅकिंग परत घेऊन जावं, असं वाडीतल्या थोरांनी मोकळेपणी सांगावं. दादा-वहिनींना हे सांगायला संकोच वाटतो खरा, पण विहीर दोघांचीही आहे.

दोन कचरे असे आहेत की त्यांना गाव आपल्या बळावर उत्तर देऊ शकत नाही. एक डायपर आणि पॅड, दुसरा बहुपदरी वेष्टनं, म्हणजे चकचकीत पुड्या. पहिल्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी नीट चालणारी भट्टी हवी आणि तिथवर नेण्याची सोय हवी. दुसऱ्याचा भार ज्यांनी पुड्या विकल्या त्यांच्यावर आहे. फेब्रुवारी २०२२च्या केंद्रीय दुरुस्तीने उत्पादक आणि ब्रँडमालकांवर प्लास्टिक परत घेण्याची टक्केवारी बांधून घातली आहे. पण कंपन्या मोठ्या शहरांतून ती टक्केवारी पूर्ण करतात, कारण तिथे माल एका जागी मिळतो. कोकणातल्या वाडीवरची पुडी त्यांना महाग पडते. सगळ्या ग्रामपंचायतींनी मिळून तालुक्याच्या केंद्रात माल गोळा केला, वजनाच्या पावत्या ठेवल्या, तर त्या मालाला निदान मागणी करता येईल. पाच किलोसाठी कोणी येत नाही, पाच टनांसाठी येतं.

सुरुवात कधी करावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. १ मेच्या ग्रामसभेत. तेव्हा चाकरमानी गावी असतात, पातेरा कोरडा असतो, चिरे रचायला आणि छप्पर घालायला महिनाभर मिळतो. त्या सभेत ठरवायचं ते मोजकं: सुका माल ठेवायला छपराची एक खोली कुठली, गाडी कुठल्या दोन तारखांना येणार, घरामागे किती रुपये, भंगारवाल्याशी करार कोण करणार, आणि मिसळलेली गोणी परत ठेवली म्हणून कोणी सरपंचांकडे आलं तर सरपंच काय उत्तर देणार. शेवटचं उत्तर सभेतच, सगळ्यांसमोर, इतिवृत्तात लिहून घ्यावं.